अंगण खरंच वाकडं असेल तर?

एकाच कंपनीचे दोन माउस समोर ठेवा. पहिला लॉजिटेकचा जी १०२. वायरवाला, ८५ ग्रॅम वजनाचा, दीड-दोन हजार रुपयांत मिळणारा. दुसरा त्याच कंपनीचा जी प्रो एक्स सुपरलाइट २. वायरलेस, ६० ग्रॅमचा, २०२३मध्ये बाजारात आलेला. सेल कधी लागलाय त्यावर किंमत मागेपुढे होते, पण बारा-पंधरा हजार धरून चाला. म्हणजे एका सुपरलाइटच्या पैशात सात-आठ जी १०२ येतील.

‘यातला कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी विचारला जातो. मी व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळतो, त्यात ठीकठाक आहे, आणि ओळखीतल्या पोरांना वाटतं की मला यातलं कळतं. मामेभाऊ विचारतो, ऑफिसातला नवा मुलगा विचारतो, सोसायटीतला बारावीचा पोरगा लिफ्टमध्ये गाठून विचारतो. विचारणारा बहुतेक वेळा वैतागलेला असतो. रँक वर जात नाही, रोज तेच मॅच हरणं चालू आहे, आणि दोष नेमका कुठे आहे हे कुणीतरी एकदाचं सांगून टाकावं असं त्याला वाटत असतं.

म्हणून मला हा प्रश्न खरेदीचा कमी आणि नीतीचा जास्त वाटतो. मी हरलो, तर त्यात माझं किती आणि माझ्या हातातल्या वस्तूचं किती? आणि मी जिंकलो, तर त्यात माझं किती? पहिला प्रश्न आपण रोज रात्री विचारतो. दुसरा सहसा कुणी विचारत नाही.

म्हणीतलं अंगण

आपल्याकडे याचं उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवलंय. नाचता येईना, अंगण वाकडं. आई म्हणते, शाळेतले सर म्हणायचे, आता डिस्कॉर्डवर टीममेट म्हणतात. म्हण इतकी पक्की बसलीय की हत्याराबद्दल तोंडातून शब्द निघायचा अवकाश, समोरचा हसतो आणि विषय संपतो.

पण या म्हणीत नाचणारीची बाजू कुणी ऐकलेलीच नाही. अंगण वाकडं आहे असं ती म्हणाली, लोक हसले. अंगण मोजलं कुणी? गवंडी फरशी बसवण्याआधी पारदर्शक नळीत पाणी भरतो. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला धरतो आणि दोन्हीकडे पाणी कुठे थांबतं ते बघून खुणा करतो. पाच मिनिटांचं काम. अंगण सरळ निघालं तर हसायला सगळे मोकळे. मोजण्याआधी हसणं हा मात्र आळस आहे. आणि हसणारा स्वतः सपाट फरशीवर उभा असेल, तर ते आळसापेक्षा वाईट आहे.

अंगण खरंच वेगळं असण्याचं आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे. १९४८मध्ये खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातीत घडलेला. लंडनला कुस्ती गादीवर होती. माती पायाला धरून ठेवते, गादीवर तोच पाय वेगळा पडतो. पवित्रा, तोल, वेग, सगळ्याचा हिशेब बदलतो, आणि नियमही वेगळे होते. ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथवर जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं.

लंडनच्या त्या सहाव्या क्रमांकाकडे बोट दाखवून ‘नाचता येईना’ म्हणायची हिंमत कुणाला होईल? पायाखालची जागा खरोखर परकी होती. आणि हेही तितकंच खरं की हेलसिंकीलाही गादीच होती. गादी आपल्यासाठी माती झाली नाही. खाशाबा गादीवर जिंकायला शिकले. अंगण वाकडं असणं आणि नाचणारीने अजून शिकायचं असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणीला त्यातली एकच ठाऊक आहे.

नळीत पाणी भरून

मग आपणही आपले दोन माउस मोजून बघू.

खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा डीपीआयचा असतो. जी १०२चा ८०००, सुपरलाइट २चा बाजारात आला तेव्हा ३२,०००. चौपट. पण याचा अर्थ काय? माउस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो, तो हा आकडा. साध्या फुल एचडी स्क्रीनची रुंदी १९२० पिक्सेल असते. ३२,००० डीपीआयला, एका पावलाला एक पिक्सेल या हिशेबाने, तुमचं बोट एक इंच हललं की पॉइंटर स्क्रीन सोळा वेळा ओलांडून जाईल. असं कुणी खेळत नाही. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटचे व्यावसायिक खेळाडू बहुतेक ४०० ते १६०० डीपीआयच्या मधेच असतात, आणि तिथवर दीड हजारांचा माउसही आरामात जातो. चौपट आकड्याचा खेळाला उपयोग शून्य.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. माउस संगणकाला सेकंदातून किती वेळा स्वतःची जागा कळवतो? जी १०२ हजार वेळा कळवतो. सुपरलाइट २ सॉफ्टवेअर अपडेटनंतर ८००० वेळा कळवू शकतो. म्हणजे एकाचा निरोप दर १ मिलिसेकंदाला येतो, दुसऱ्याचा दर ०.१२५ मिलिसेकंदाला. जास्तीत जास्त वाचले ०.८७५ मिलिसेकंद. एक पूर्ण मिलिसेकंदही नाही. शत्रू कोपऱ्यातून दिसल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत आपल्या शरीराला साधारण २०० मिलिसेकंद लागतात.

आता हे ०.८७५ दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, २४० हर्ट्झचा दर ४.२ मिलिसेकंदांनी. फरक साडेबारा मिलिसेकंदांचा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. ठाण्यात फायबरवर बसून खेळणारा माझा मित्र दहाच्या आसपास पिंगवर असतो. आमच्याच टीममधला एकजण गावाकडून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळतो, त्याची पिंग साठ-सत्तर असते आणि घरात कुणी रील बघायला लागलं की तीनशे. इथे फरक पन्नास मिलिसेकंदांचा आहे, आणि वाईट दिवशी त्याच्या कितीतरी पट.

तरीही महाग माउस म्हणजे निव्वळ फसवणूक, असं मी म्हणणार नाही. वजनाचा फरक हाताला कळतो. २५ ग्रॅम म्हणजे दहा रुपयांची तीन नाणी आणि वर थोडंसं. पण तीन तास माउस उचलून-उचलून ठेवायचा असेल तर ती नाणी मनगटाला जाणवतात. वायर टेबलाच्या कडेला घासते, ऐन वेळी ओढली जाते, हेही खरं. लांबीचाही फरक आहे. जी १०२ साधारण ११६ मिलिमीटर लांब, सुपरलाइट २ साधारण १२५. मोठ्या पंजाच्या माणसाला पहिला अपुरा वाटेल, लहान पंजाच्या माणसाला दुसरा हातातून निसटेल. माझ्या मते या संपूर्ण तुलनेत सगळ्यात महत्त्वाचा फरक हाच आहे, आणि त्याचा किमतीशी काही संबंध नाही.

मागच्या वर्षी एक मित्र महिनाभर बाहेरगावी होता. जाताना त्याने त्याचा सुपरलाइट माझ्याकडे ठेवला. पहिला आठवडा हलकं हलकं वाटलं, दुसऱ्या आठवड्यात ते जाणवायचं बंद झालं. रँक होती तिथेच राहिली. बदललं ते एवढंच, की हरल्यावर बोट दाखवायला काही उरलं नाही. बारा-पंधरा हजारांची वस्तू हातात धरून ‘माउस अडला’ असं म्हणता येत नाही. या किमतीत आपण जे घेतो त्यातला मोठा भाग म्हणजे ही शांतता, असं तेव्हा माझ्या लक्षात आलं. आणि जिंकल्याचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवला तर त्याचं उत्तर आलं, ‘माउस कुणाचा आहे?’ म्हणजे हरण्याची सबब गेली, आणि जिंकण्यातलाही वाटा गेला.

खालची रेघ, वरची रेघ

हे सगळं मोजल्यावर मला हत्यार आणि माणूस यांच्यात दोन रेघा दिसतात.

खालची रेघ अशी: हत्याराने आडवं येऊ नये. जुन्या माउसच्या पोटात रबराचा गोळा असायचा. त्यावर टेबलावरची धूळ आणि केस गोळा व्हायचे, पॉइंटर अडखळायचा, मग झाकण फिरवून गोळा काढायचा आणि आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. सुरुवातीचे ऑप्टिकल माउस झटका जोरात बसला की वाट चुकायचे. हात उजवीकडे गेलेला असायचा आणि नजर छताकडे. क्लिकच्या बटणाखालच्या मायक्रोस्विचमधली धातूची बारीक पट्टी झिजली की आजही एका दाबाचे दोन क्लिक होतात. असा माउस घेऊन हरणारा माणूस ‘माउस वाईट आहे’ म्हणतो, तेव्हा तो सबब सांगत नसतो. तो खरं बोलत असतो.

डावखुऱ्यांचं बघा. वर सांगितलेल्या दोन्ही माउसचा आकार बऱ्यापैकी दोन्हीकडून सारखा आहे, पण बाजूची दोन बटणं फक्त डाव्या अंगाला आहेत, म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली. डाव्या हाताने माउस धरणाऱ्याला दीड हजार देऊनही ती बटणं नीट वापरता येत नाहीत आणि पंधरा हजार देऊनही नाहीत. त्याचं अंगण दोन्ही किमतींना वाकडं. खालची रेघ पैशाने ठरत नाही, त्या त्या शरीराला काय लागतं त्यावरून ठरते.

अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९८७मध्ये एक निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की नैतिकदृष्ट्या सगळ्यांकडे सारखं असणं महत्त्वाचं नाही; प्रत्येकाकडे पुरेसं असणं महत्त्वाचं आहे. कुणाकडे दहा गाड्या आहेत आणि कुणाकडे दोन, याने बिघडत नाही. कुणाला पोटभर मिळत नाही, याने बिघडतं. माउसच्या बाबतीत मला हे बरंचसं पटतं. चांगल्या सेन्सरचा साधा माउस आणि तीन-चारशे रुपयांचा कापडी पॅड एवढ्यावर बहुतेकांची खालची रेघ ओलांडली जाते. एकेकाळी हे ‘पुरेसं’ खरोखर महाग होतं. आज ते बरंच स्वस्त झालंय, आणि तंत्रज्ञानाने केलेल्या चांगल्या कामांत मी हे मोजतो.

वरची रेघ अशी: हत्याराने माणसाच्या वाटचं काम करू नये. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळता पळता गोळी मारली तर ती भरकटते. नेम लागायला आधी जागच्या जागी थांबावं लागतं, आणि पटकन थांबायचं तर एक कळ सोडून नेमक्या क्षणी उलट दिशेची कळ दाबावी लागते. पोरं यावर वर्षं घालवतात. २०२४च्या जुलैमध्ये रेझर कंपनीने आपल्या काही कीबोर्डांत ‘स्नॅप टॅप’ नावाची सोय आणली. दोन्ही कळा एकदम दाबल्या गेल्या तरी शेवटची दाबलेली कळ खरी मानायची आणि आधीची आपोआप सोडून द्यायची. म्हणजे बोटाने शिकायची गोष्ट कीबोर्ड शिकला. ऑगस्टमध्ये वाल्व्ह कंपनीने काउंटर-स्ट्राइक २च्या अधिकृत सर्व्हरवर असल्या ऑटोमेशनला बंदी घातली. मला ती बरोबर वाटते. इथे हत्यार अडथळा दूर करत नव्हतं, ते स्वतःच खेळायला उतरलं होतं.

मैदानी खेळांनी हे कधीच ओळखलंय. १९७९च्या डिसेंबरमध्ये डेनिस लिली पर्थला इंग्लंडविरुद्ध अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो म्हणून तक्रार झाली, त्याने चिडून ती बॅट भिरकावून दिली, आणि पुढे बॅट लाकडाचीच हवी हे नियमात आलं. २०१७पासून बॅटची कड ४० मिलिमीटरहून जाड चालत नाही. पोहण्यातलं उदाहरण अजून बोलकं आहे. २००९च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या पोशाखांच्या जोरावर ४३ जागतिक विक्रम मोडले गेले. विक्रम माणसाचा की पोशाखाचा, हे सांगणं अवघड होऊन बसलं. १ जानेवारी २०१०पासून ते पोशाख बंद झाले.

आपले दोन्ही माउस या दोन रेघांच्या मधे आहेत. जी १०२ बहुतेकांच्या आडवा येत नाही. सुपरलाइट कुणाच्याही वतीने नेम धरत नाही. मधल्या जागेत जो फरक उरतो तो आवडीचा आहे. कुणाला भारी शाईपेन आवडतं, कुणाला चांगल्या लाकडाची बॅट, कुणाला हलका माउस. आपल्या कमाईतून घ्यावा, खुशाल मिरवावा. फक्त त्याला गरज म्हणू नये, आणि कर्तबगारी तर मुळीच म्हणू नये.

टाचा उंचावणारे लोक

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जेवणाच्या बाबतीत ‘पुरेसं’ हा शब्द चालतो. माझं पोट भरलं की शेजाऱ्याने किती खाल्लं याने मला फरक पडत नाही. स्पर्धेत असं नसतं. तिथे माझं पुरेसं आहे की नाही हे समोरच्याकडे काय आहे यावर ठरतं. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६च्या ‘सोशल लिमिट्स टु ग्रोथ’ या पुस्तकात अशा वस्तूंबद्दल लिहिलंय. मिरवणूक बघताना पुढच्या रांगेतल्यांनी टाचा उंचावल्या की मागच्यांना उंचवाव्याच लागतात. शेवटी सगळे टाचांवर, पाय सगळ्यांचे दुखतात, आणि दिसतं कुणालाच जास्त नाही.

माउसचं असं होतं का? खालच्या, मधल्या रँकमध्ये नाही. तिथे आपण नकाशा न वाचल्यामुळे, आवाज न ऐकल्यामुळे, एकटेच पुढे घुसल्यामुळे मरतो. पण अगदी वर, जिथे दोघांचं कौशल्य तोलामोलाचं असतं, तिथे पंचवीस ग्रॅमसुद्धा मोजले जातात. म्हणून मोठ्या लॅन स्पर्धांमध्ये एक व्यवस्था असते. संगणक आणि मॉनिटर आयोजक देतात, सगळ्यांना एकसारखे. माउस आणि कीबोर्ड खेळाडू स्वतःचे आणतात. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते. अंगण आयोजकांचं, घुंगरू ज्याचे त्याचे. अंगण सगळ्यांना सपाट मिळणार असेल, तर घुंगरू कुणाचे किती भारी याने फारसं बिघडत नाही.

खेळांच्या संघटना मात्र यातून कधीकधी सोपी पळवाट काढतात. जाड सोल आणि आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांनी मॅरेथॉनची वेळ खाली आणली, तेव्हा २०२०मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने नियम केले. सोल ४० मिलिमीटरहून जाड नको, पट्टी एकच, आणि बूट स्पर्धेआधी चार महिने खुल्या बाजारात विकत मिळत असला पाहिजे. शेवटच्या अटीवर मी बराच विचार केलाय. कुणा एकासाठी गुपचूप बनवलेला बूट नको, हा हेतू चांगलाच. पण ‘बाजारात मिळतो’ म्हणजे ‘सगळ्यांना मिळतो’ असं त्यात धरून चाललेलं आहे. दुकानाच्या काचेत ठेवलेली वस्तू आणि पायात असलेली वस्तू यांच्यात जे अंतर असतं ते या नियमाला दिसत नाही. गल्लीतलं क्रिकेट निदान उघडपणे बोलायचं. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. अन्याय होता, पण तो सगळ्यांसमोर होता, आणि त्याला कुणी गुणवत्ता म्हणत नव्हतं.

जे विकत मिळतं ते

आता मुळाशी येतो. आपण माउसची इतकी तुलना का करतो? व्हिडिओ बघतो, आकडे पाठ करतो, कार्टमध्ये टाकून ठेवतो, सेलची वाट बघतो. मॉनिटर आणि नेटचा फरक माउसच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे हे साध्या भागाकारात दिसतं. तरी चर्चा माउसचीच.

मला वाटतं, कारण माउस विकत घेता येतो. गावाकडे हॉटस्पॉटवर खेळणाऱ्या पोराला मुंबईचा सर्व्हर जवळ आणता येत नाही. फायबरची वायर गावात यायची तेव्हा येईल. संध्याकाळी सातला वीज जाणार असेल तर जाणार. घरात एकच खोली आहे, तिथे आजोबा नऊला झोपतात, मग आवाज बंद ठेवून खेळायचं, आणि या खेळात पावलांचा आवाज ऐकू न येणं म्हणजे अर्धं आंधळं असणं. यातलं काहीच त्याच्या हातात नाही. पण हप्त्यावर माउस घेता येतो. महिन्याला हजार-बाराशे, बारा महिने. त्याला वाकड्या अंगणावर आपण घुंगरू विकतो. आणि ते घालूनही पाय घसरला की म्हणतो, नाचता येईना.

या सगळ्यात दोन वेगवेगळे अन्याय आहेत. पहिला, अंगण वाकडं असलेल्याला आळशी ठरवणं. तो आपण सगळे करतो, रोज, माइक चालू ठेवून. दुसरा, ज्याचं अंगण सपाट आहे त्याला सतत ‘अजून थोडं वाकडं आहे’ असं सांगत राहणं. तो बाजार करतो. ६३ ग्रॅमचा माउस उत्तम आहे असं २०२०मध्ये सांगितलं, मग ६० ग्रॅम, मग दुसरी कंपनी ५४ ग्रॅम घेऊन आली. खालची रेघ जिथे होती तिथेच आहे. पण दर वर्षी आपण तिच्या खाली घसरलोय असं आपल्याला वाटायला लावलं जातं. पहिल्या अन्यायात सबब नसलेल्यावर सबबीचा आळ येतो, दुसऱ्यात सबब नसलेल्याला नवीकोरी सबब विकली जाते. दोन्हीकडे मोजणी टाळलेली असते.

म्हणून कुणी ‘कोणता घेऊ’ विचारलं की मी आधी उलट चार प्रश्न विचारतो. सध्याचा माउस क्लिक दोनदा घेतो का? झटक्यात वाट चुकतो का? हाताला दुखतो का? डाव्या हाताने खेळतोस का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं, तर माउस बदल, आणि कुणाचं हसणं मनावर घेऊ नकोस. तुझी तक्रार खरी आहे. चारही नाही असतील, तर माउस पुरेसा आहे. तरी सुपरलाइट आवडतच असेल आणि हप्त्याशिवाय घेता येत असेल तर घे, छान वस्तू आहे. पण मग हरल्यावर स्वतःकडे बघायची तयारी ठेव, कारण त्या किमतीत सबब मिळत नाही.

मामेभावाने हे ऐकून विचारलं, ‘आणि दादा, ज्याचं नेटच खराब आहे त्याने काय करायचं?’ त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते काम त्याचं एकट्याचं नाहीच. वायर पोचवणं, वीज टिकवणं, सर्व्हर कुठे बसवायचा ते ठरवणं, ही अंगण सपाट करायची कामं आहेत, आणि ती नाचणाऱ्याची नसतात. आपल्यापुरतं एक करता येतं. मॅच हातातून जाते, टीममधला पाचवा गडी पुन्हा एकदा काही न करता मरतो, आणि आपला हात माइकच्या बटणाकडे जातो. तेव्हा आधी टॅब दाबायचा. स्कोअरबोर्डवर प्रत्येकाच्या नावापुढे त्याची पिंग लिहिलेली असते. ती वाचायची, आणि मग काय बोलायचं ते ठरवायचं.